भेंडीची पत्रं

मागच्या अंकात घरच्या बागेत भेंडीचं बी लावण्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं या वेळी घेते आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्या पत्रांत ‘कोणतं औषध फवारू?’ एवढंच होतं आणि झाडाला काय झालंय ते नव्हतं, ती बाजूला ठेवलीत. त्या मंडळींनी कृपया एक पान उलटून पाहावं, काय दिसतं ते लिहावं, मग बोलू.

प्रश्न : बी लावून दहा दिवस झाले. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी एकही कोंब वर आला नाही. बियाणं खराब निघालं का?

उत्तर : बियाण्याला दोष द्यायच्या आधी बोटाने माती बाजूला करा आणि एक बी बाहेर काढा. त्यासाठी एका बियाचा बळी गेला तरी चालेल. बी लावलं होतं तसंच कडक, काळपट-हिरवं असेल, तर त्याला ऊब किंवा ओल पोचलेली नाही. फुगलंय आणि एका बाजूने पांढरं मूळ डोकावतंय, तर झाकून ठेवा आणि गप्प बसा. चिमटीत धरल्यावर पिचकलं, आतून पांढरट लगदा आला आणि कुबट वास सुटला, तर ते कुजलं. आणि बीच सापडलं नाही, तर मुंग्या, उंदीर किंवा पाखरं यांच्याकडे चौकशी करा.

तुमच्या पत्रातला ‘सकाळ-संध्याकाळ पाणी’ हा भाग वाचून मला तिसरी शक्यता जास्त वाटते. भेंडी उबेची भुकेली आहे. जमीन ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर बी साधारण आठवड्यात वर येतं. तीच जमीन २५ अंशांवर असेल तर तेरा दिवस लागू शकतात आणि २० अंशांवर अडीच आठवडे. १६-१७ अंशांच्या खाली तर बसून राहतं, आणि थंड, चिंब मातीत बसून राहिलेलं बी कुजणारच. इथे मोजायची ती मातीची ऊब. दुपारी घाम निघत असला तरी रात्रीच्या गारव्याने कुंडीतली माती सकाळी थंडगार असू शकते. सकाळी लवकर मातीत बोट खुपसा. बोटाला गार लागलं तर अजून पंधरा दिवस थांबा, त्यात काही बिघडत नाही. उशिरा लावलेली भेंडी आधी लावलेलीला गाठते, हे मी अनेकदा पाहिलंय.

बी लावण्याच्या आदल्या दिवशी मातीला भरपूर पाणी द्या. मग बी दीड-दोन सेंटिमीटर खोल टोका, वर भुसभुशीत माती लोटा आणि कोंब दिसेपर्यंत फक्त वरचा थर सुकू लागला की शिंपडा. वरून धो धो पाणी घातलं की माती बसते, वर पापडी धरते आणि कोवळा कोंब त्याखाली वाकून मोडतो. पापडी धरलीच असेल तर ओली करून काडीने हलकेच मोकळी करा.

तरीही बियाण्याची शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. फडकं ओलसर हवं, निथळणारं नको. आठवड्यात सात-आठ बियांना मोड आले तर बी चांगलं आहे. दोन-तीनांनाच आले तर बी जुनं झालंय. मोड आलेल्या बिया टाकून देऊ नका, मूळ अर्धा सेंटिमीटर व्हायच्या आत अलगद मातीत लावा.

प्रश्न : बी भिजवायचं की नाही? कोणी रात्रभर सांगतं, कोणी दोन दिवस.

उत्तर : रात्रभर. संध्याकाळी भिजत घाला, सकाळी लावा. भेंडीच्या बियाचं साल जाड आणि कडक असतं, पाणी आत शिरायला वेळ लागतो, तो वेळ भिजवल्याने वाचतो. पण दोन दिवस पाण्यात ठेवलं तर बियाला हवा मिळत नाही. जिवंत बी श्वास घेतं, ते पाण्यात गुदमरतं.

भिजवूनही काही बिया टणकच राहतात. त्यांना खरखरीत कागदावर दोन-चार वेळा घासा, किंवा नखं कापायच्या कटरने सालीचा अगदी टवका काढा. बियावर जिथे छोटा ठिपका, म्हणजे डोळा दिसतो, त्याच्या विरुद्ध बाजूला. डोळ्याजवळ कोंब असतो, तिथे कटर लावू नका. हे काम मला स्वतःला कंटाळवाणं वाटतं आणि उबदार दिवसांत त्याची गरजही पडत नाही.

एक महत्त्वाचं : पाकिटातलं बी गुलाबी, लाल किंवा निळं दिसत असेल तर त्यावर बुरशीनाशक लावलेलं आहे. ते भिजवू नका, औषध धुऊन जाईल आणि ते पाणी तुमच्या हाताला लागेल. तसंच कोरडं लावा, हातमोजे घाला, नंतर हात धुवा आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

प्रश्न : टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये करून मग वाफ्यात हलवतो, तशी भेंडीची केली. हलवल्यावर निम्मी सुकली.

उत्तर : टोमॅटोचा हिशेब भेंडीला लावू नका. टोमॅटो खोडाला नवी मुळं फोडतो, त्यामुळे हलवाहलव सोसतो. भेंडी कापसाच्या कुळातली. रोप वर दोन पानांचं दिसत असतं तेव्हाच तिचं सोटमूळ खाली बरंच लांब गेलेलं असतं, आणि ते तुटलं किंवा दुमडलं की रोप रुसतं ते रुसतंच. जिथे वाढवायची तिथेच बी टोका.

बाहेर गारठा आहे म्हणून आत रोपं करणं भागच असेल, तर कागदाचे खोल पेले घ्या, एका पेल्यात एक बी. खरी पानं दोन झाली की मुळाभोवतीचा गोळा न फोडता पेल्यासकट लावा. पेल्याचा तळ मात्र फाडून टाका आणि काठ मातीच्या वर राहू देऊ नका, तो पाणी शोषून वर हवेत सोडत बसतो.

प्रश्न : एकेका जागी तीन बिया टोकल्या होत्या. तिन्ही आल्या. उपटायला जीव होत नाही. राहू दिल्या तर?

उत्तर : राहू दिल्यात तर तीन किरकोळ झाडं मिळतील. उपटू नका हे मात्र बरोबर, कारण एकाचं मूळ ओढताना शेजारणीचं मूळ हलतं. रोपं बोटभर उंच झाली की सगळ्यांत ठेंगणं, जाड खोडाचं, सरळ उभं असलेलं निवडा. सगळ्यांत उंच निवडायचा मोह होतो, पण उंच आणि बारीक म्हणजे ते उजेड शोधत धावलंय. बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. वाफ्यात दोन झाडांत ३० सेंटिमीटर आणि दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा. कुंडीत एक झाड, कुंडी किमान फूटभर खोल, पंधरा-वीस लिटर माती मावेल अशी.

प्रश्न : पानांच्या मागे आणि देठांवर बारीक, पारदर्शक, काचेच्या मण्यांसारखे थेंब दिसतात. ही कसली अंडी? निंबोळी अर्क दोनदा मारला, पुन्हा आली.

उत्तर : पुन्हा येणारच, कारण ती अंडी नाहीत. हा भेंडीचा स्वतःचाच पाझर आहे. या पत्राचा मला आनंद झाला, कारण तुम्ही पान उलटून पाहिलंत. फक्त अर्क मारायच्या आधी आणखी दोन मिनिटं पाहायला हवं होतं.

सकाळी एक पान उन्हाकडे धरा. मागच्या शिरांवर, देठावर आणि कळीच्या बुडाशी हे मणी दिसतील. काही टाचणीच्या टोकाएवढे, काही थोडे मोठे, सगळे गोल आणि आरपार दिसणारे. एकावर बोट ठेवून सरकवा. थेंब फुटतो, बोट चिकट होतं, पानावर मागे काही उरत नाही. वाळलेला असेल तर साखरेच्या कणासारखा टचकन निघतो. आत ठिपका नाही, टरफल नाही. जोमात वाढणाऱ्या, पाणी भरपूर मिळणाऱ्या झाडावर ते जास्त दिसतात. झाडाला त्यांचा त्रास नाही, तुम्हालाही नाही.

खरी अंडी वेगळी असतात. पांढऱ्या माशीची अंडी इतकी बारीक की भिंग लागतं, पानाच्या मागे उभी रोवलेली. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे झाड हलवा, पांढरी भुकटी उडाल्यासारखं दिसलं तर माशी आहे. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग कळ्यांवर आणि शेंड्यांवर एकेकटं निळसर अंडं घालतो. शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा तो उभा चिरून पाहा, आत अळी सापडेल. तेवढा शेंडा कापून नष्ट करा. तुडतुड्यांची अंडी तर शिरांच्या आत असतात, ती दिसतच नाहीत. दिसतात ते पानाखाली तिरके चालणारे हिरवट किडे आणि कडेने पिवळी पडून वर वळलेली पानं.

मण्यांच्या जोडीला मुंग्यांची रांग खोडावरून वर-खाली करत असेल तर मात्र कोवळ्या शेंड्याखाली मावा शोधा. सापडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, सकाळी, म्हणजे पानं दिवसभरात सुकतील. घरच्या दहा-वीस झाडांना एवढं बहुतेक वेळा पुरतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझ्या झाडाला पहिलं फूल आलं. सकाळी खूप सुंदर होतं, पण शाळेतून आल्यावर पाहिलं तर मिटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी गळलं. माझी भेंडी मेली का?

उत्तर : अजिबात नाही! तुझी भेंडी आत्ता सुरू झाली. भेंडीचं फूल एकाच दिवसाचं असतं. भल्या सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं आणि मग पाकळ्या गळतात. आता असं कर. पाकळ्या जिथून गळल्या तिथे बारकाईने बघ. टोकदार, लव असलेली, तुझ्या नखाएवढी हिरवी शेंग दिसते का? दिसली तर त्या देठाला रंगीत दोरा सैल बांध आणि रोज एकाच वेळी पट्टीने तिची लांबी मोजून वहीत लिही. पहिल्या दिवसाचा आकडा आणि चौथ्या दिवसाचा आकडा शेजारी ठेवलास की तुझा विश्वास बसणार नाही. फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत ती काढायला होते.

पुढचं फूल उमलेल तेव्हा आत डोकावून बघ. फिकट पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद तांबडा डाग आणि मधे एक खांब. त्या खांबाच्या अंगावर परागकोश असतात आणि टोकाला गडद रंगाची कुक्षी. दोन्ही एकाच फुलात आहेत, म्हणून एकच झाड असलं तरी भेंडी लागते. मग जास्वंदीचं फूल बघ आणि दोघांत काय सारखं आहे ते मला लिहून पाठव.

प्रश्न : झाड माझ्या खांद्याला लागलं, पानं हातभर, खतही दर आठवड्याला घालतो. दोन महिने झाले, फूल नाही.

उत्तर : खत थांबवा. ‘हातभर पानं’ हेच उत्तर आहे. नत्र जास्त झालं की झाडाला पानं करण्यातच रस राहतो. लावणीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळलेलं असेल तर भेंडीला फुलं येईपर्यंत फारसं काही लागत नाही. फुलं सुरू झाल्यावर बुंध्यापासून थोडं दूर ओंजळभर कंपोस्ट द्या, झालं.

दुसरं, ऊन मोजा. सहा तास थेट ऊन ही खालची मर्यादा, आठ असेल तर बरं. भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीतली भेंडी उंच होते, फुलत नाही. बहुतेक जाती लावल्यापासून ४० ते ५० दिवसांत फुलायला लागतात, तेव्हा तुमचे दोन महिने खरंच जास्त झाले. गार हवेत लावली असेल तर मात्र आणखी थोडे दिवस धरा. एका वाचकांची उलट तक्रार आहे, फुलं येतात पण शेंग न धरता गळतात. त्यांनी पारा पाहावा. ४२ अंशांच्या वर फुलं गळतात, तिथे खताचा काही इलाज नाही. मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पाण्यात खंड पडू देऊ नका आणि लाट ओसरण्याची वाट पाहा.

प्रश्न : पानांवर पिवळी जाळी आली आहे. लोह कमी म्हणून लोहाचं द्रावण फवारलं, उपयोग झाला नाही. भेंड्याही पिवळट आणि वेड्यावाकड्या येतात.

उत्तर : पिवळं काय आहे, शीर की शिरांमधली जागा, हे पाहा. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते, तेही शेंड्याच्या नव्या पानांवर. तुम्ही लिहिता तशी पिवळी जाळी, म्हणजे शिराच पिवळ्या आणि मधे हिरवे तुकडे, हा केवडा रोग. शिरा पिवळ्या करणारा विषाणू. नंतर पूर्ण पान पिवळं पडतं, भेंडी फिकट आणि टणक येते. फक्त खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर ते वय झालं किंवा नत्र कमी पडलं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

केवड्यावर औषध नाही. कोणी बाटली दाखवून ‘हमखास’ म्हणालं तर नमस्कार करून पुढे जा. रोग झालेलं झाड उपटा, बागेतून बाहेर काढा. हे सांगताना मला कळतं की त्यावर अजून चार भेंड्या लोंबत असतात आणि हात पुढे होत नाही. पण ते झाड उभं असेपर्यंत पांढरी माशी त्याचा रस शोषते आणि विषाणू शेजारच्या झाडाला नेऊन देते. तो पसरतो माशीतून, बियातून येत नाही. म्हणून लढाई माशीशी आहे : पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर टांगा, भोवतालचं तण काढा, कारण माशी आणि विषाणू दोघंही तिथे मुक्काम करतात, आणि निंबोळी अर्क पानाच्या मागच्या बाजूला पोचेल असा, संध्याकाळी मारा. वरून मारलेला अर्क म्हणजे नुसतं समाधान.

पुढच्या वेळी जात पाहून घ्या. ‘पुसा सावनी’ एके काळी या रोगाला तग धरायची म्हणून घरोघरी गेली, पुढे तिची ती ताकद राहिली नाही. मग भेंडीच्या रानटी नातलगांशी संकर करून ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’ यांसारख्या जाती तयार झाल्या. प्रतिकारक म्हणजे रोग कधीच येणार नाही असं नाही, विषाणूही बदलत राहतो. पण जिथे केवडा दरवर्षी येतो तिथे साधी जात लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : भेंडी काढताना हाताला खाज सुटते. बिनकाट्याची जात घेतली तरीही.

उत्तर : बिनकाट्याची म्हणजे शेंग गुळगुळीत, पानांवरची आणि देठांवरची लव असतेच. लांब बाह्या, हातमोजे.

प्रश्न : दोन दिवस गावाला गेले आणि आले तर भेंड्या निबर. झाडावर तशाच ठेवल्या तर चालतील ना?

उत्तर : नाही. आत बी भरायला लागलं की झाड सगळी ताकद तिकडे वळवतं आणि नवीन कळ्या कमी करतं. निबर झालेल्याही कापून टाका. एरवी दिवसाआड फेरी मारा, ऐन उन्हाळ्यात रोज. बहुतेक जातींत सात ते दहा सेंटिमीटरची भेंडी कोवळी असते, पण लांबीवर फार विसंबू नका, काही जाती लांब होऊनही कोवळ्या राहतात. टोक मोडून बघायची सवय सगळ्यांनाच असते. एखादी मोडून त्या जातीचा अंदाज घ्या, पण झाडावरच्या प्रत्येक भेंडीची टोकं मोडत फिरू नका. ओढू तर मुळीच नका, देठ कात्रीने कापा, नाहीतर खोडाची साल सोलून येते.

प्रश्न : एकाच वाफ्यात चौथ्या वर्षी भेंडी घेतोय. झाडं खुजी राहतात. उपटली तर मुळांवर गाठी.

उत्तर : सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक किडे, जे मुळांत शिरून गाठी करतात. त्या वाफ्याला भेंडीपासून किमान दोन-तीन वर्षं सुट्टी. टोमॅटो, वांगी, काकडीही तिथे नकोत, त्यांनाही त्या गाठी होतात. झेंडू दाट लावा आणि फुलोऱ्यानंतर मातीत गाडा, शेणखत वाढवा. मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका.

प्रश्न : स्वतःचं बी धरायचं आहे. हंगामाच्या शेवटी राहिलेल्या शेंगा वाळवल्या तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण शेवटी राहिलेल्या शेंगा म्हणजे थकलेल्या झाडाच्या आणि तुमच्या नजरेतून सुटलेल्या. त्यात निवड कुठे झाली? हंगाम भरात असतानाच एक-दोन झाडं ठरवा : निरोगी, लवकर फुललेली, कोवळेपण टिकणारी. त्यांच्या पहिल्या काही भेंड्या काढून घ्या, मग मधल्या तीन-चार शेंगांना दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी प्रेमाने काढून आणतं.

पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलेलं असेल तर हा खटाटोप करू नका, पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. साध्या सुधारित किंवा घरच्या जातीचं बी धरा. भेंडी स्वतःच्याच परागावर फळते, तरी मधमाश्या मिश्रण करतातच. शेजारी दुसरी जात असेल तर उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखा, ती फुगून तिचं टोक पिवळट दिसतं, आणि टोकाशी मऊ दोऱ्याने सैलसर बांधा, म्हणजे उमलणार नाही आणि माशी आत जाणार नाही. फूल वाळलं की दोरा सोडा.

फूल उमलल्यापासून महिनाभरात शेंग तपकिरी होऊ लागते, कडांवर चिरते आणि हलवली की आत खुळखुळते. तेव्हा कापा. पाऊस येणार असेल तर थोडी आधी कापून आत टांगा, कारण भिजलेल्या शेंगेत बी तिथेच मोड काढतं किंवा बुरशी धरतं. फोडताना हातमोजे घाला, वाळलेल्या शेंगेच्या कडा बोचतात. आत पाच कप्पे आणि प्रत्येकात ओळीने बिया. चपट्या, सुरकुतलेल्या टाका, गोल आणि भरलेल्या ठेवा. आठवडाभर सावलीत पसरा, मग कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या आणि गार जागी. दोन वर्षांत वापरून टाका, नंतर उगवण घसरते. आणि पाकिटावर जातीचं नाव व वर्ष लिहा. नुसतं ‘भेंडी’ लिहू नका, ती भेंडी आहे हे बी पाहूनच कळतं.